आकाशातून घराची झडती

अमेरिकेत गेली काही वर्षे एका पत्राने अनेक घरमालकांची झोप उडवली आहे. हे पत्र घराचा विमा उतरविणाऱ्या कंपनीकडून येते. मजकूर चार-पाच ओळींचाच असतो. आपल्या घराच्या छपराची स्थिती आमच्या निकषांत बसत नाही, सबब मुदत संपल्यावर आपली पॉलिसी पुढे चालू ठेवता येणार नाही. घरमालक चक्रावून जातो. कोणी तपासनीस घरी आलेला नसतो, कोणी दार वाजवलेले नसते, शिडी लावून कोणी छपरावर चढलेले नसते. मग कंपनीला छपराची स्थिती कळली कशी? चौकशी केल्यावर उलगडा होतो. छपराचा फोटो आकाशातून काढलेला असतो आणि तो पाहून निर्णय झालेला असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु आज महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांतील मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांनी न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात कर्ज काढून घरे घेतली आहेत. आई-वडील सहा महिने तिकडे राहून येतात, नातवंडे त्याच घरात वाढतात. त्या घरांनाही हे पत्र येऊ शकते. शिवाय यंत्राने वरून पाहावे आणि माणसाने खाली बसून निकाल वाचावा, ही रीत एका देशापुरती राहणारी नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

घर कर्जाचे, विमा सक्तीचा

आपल्याकडे घराचा विमा उतरविणारी माणसे थोडी. अमेरिकेत तसे नाही. तिकडे बहुतेक लोक पंधरा किंवा तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतात, आणि कर्ज देणारी बँक पहिली अट घालते ती विम्याची. घर जळाले, वादळात उडाले तर बँकेचे पैसे बुडू नयेत हा त्यामागचा हेतू. विमा सुटला तर बँक स्वतःच एखाद्या कंपनीकडून विमा घेते आणि त्याचा खर्च कर्जदाराच्या माथी मारते. असा लादलेला विमा महाग असतो, आणि त्यात संरक्षण मुख्यतः बँकेच्या पैशाला मिळते. घरातील चीजवस्तूला बहुधा मिळत नाही. म्हणजे विमा गेला की महिन्याचा खर्च वाढतो, तो झेपला नाही तर हप्ते थकतात आणि शेवटी घरावर गदा येते. चार ओळींच्या पत्राची धास्ती वाटते ती यामुळे.

दुसरी गोष्ट छपराची. तिकडची पुष्कळ घरे लाकडी सांगाड्याची असतात. छपरावर आपल्यासारखा सिमेंटचा स्लॅब नसतो. डांबराचा थर दिलेल्या, वरून खडीची भुकटी चिकटवलेल्या पट्ट्या एकावर एक ठोकलेल्या असतात. त्यांना शिंगल म्हणतात. त्यांचे आयुष्य साधारण पंधरा ते तीस वर्षांचे. गारपीट, वारा आणि ऊन यांनी त्या झिजतात. सगळे छप्पर नव्याने घालायचे तर दहा-वीस हजार डॉलर सहज लागतात. गारांनी आणि वाऱ्याने होणाऱ्या नुकसानीचे पहिले दावे छपराचेच येत असल्यामुळे विमा कंपनीचे लक्ष सर्वांत आधी तिकडे जाते.

शिडी गेली, ड्रोन आले

पूर्वी विमा उतरविताना किंवा नुकसानीचा दावा आल्यावर कंपनीचा माणूस घरी येत असे. तो गाडीवरची शिडी उतरवी, छपरावर चढे, खडूने खुणा करी, मापे घेई. काम धोक्याचे होते. पाय घसरून माणसे जायबंदी होत. पण तो माणूस दारात येई आणि घरच्या बाईशी दोन शब्द बोले. हे डाग कसले, ही फांदी केव्हा तोडणार, असे तो विचारी आणि त्याला उत्तर मिळे.

२०१५ साली अमेरिकेच्या नागरी हवाई वाहतूक खात्याने स्टेट फार्म, एआयजी, यूएसएए अशा मोठ्या विमा कंपन्यांना ड्रोन उडविण्याची खास परवानगी दिली. २०१६ च्या ऑगस्टपासून सर्वसाधारण नियम लागू झाले. ड्रोनचे वजन ५५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २५ किलोपेक्षा कमी असावे, ते ४०० फुटांच्या वर नेऊ नये, चालविणाऱ्याने परीक्षा दिलेली असावी आणि ड्रोन त्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे, असे हे नियम. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, हार्वी चक्रीवादळाने टेक्सासमधील ह्यूस्टन शहर व आसपासचा मुलूख पाण्याखाली घातला. तेव्हा विमा कंपन्यांनी प्रथमच मोठ्या प्रमाणावर ड्रोन वापरले. जिथे गाडी जात नव्हती तिथली घरे वरून पाहता आली आणि दाव्यांची पाहणी लवकर झाली.

ही या यंत्राची चांगली बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. संकट कोसळलेल्या कुटुंबाला पैसा आठवड्यात मिळणे आणि तीन महिन्यांनी मिळणे यात फार मोठा फरक आहे. तपासनिसाचा जीवही धोक्यात येत नाही. अशा वेळी ड्रोन घरमालकाच्या मदतीला येते, तेही बहुधा त्याला सांगून.

ड्रोनच्याही वरून

गोंधळ पुढे आहे. लोकांच्या तोंडी "ड्रोनने फोटो काढला" असे असते. पण विमा चालू ठेवायचा की नाही हे ठरविण्यासाठी जे फोटो वापरले जातात, त्यांतील पुष्कळसे ड्रोनने काढलेले नसतात. ड्रोन एका वेळी एक घर पाहते. लाखो घरे पाहायची तर ते काम विमानाचे. छोट्या विमानांच्या पोटाला शक्तिमान कॅमेरे बसवून शहरेच्या शहरे टिपली जातात. उपग्रह आहेत, आणि आता तर प्रवासी विमानांच्याही वर जाणारे कॅमेऱ्याचे फुगे सोडले जातात. विमानातून काढलेल्या चांगल्या फोटोत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सात-आठ सेंटिमीटर. अंगणातली खुर्ची, पोहण्याचा तलाव, छपरावर टाकलेली निळी ताडपत्री हे सारे त्यात दिसते.

हे फोटो काढणाऱ्या आणि विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत. नियरमॅप, ईगलव्ह्यू, व्हेक्सेल ही त्यांतील काही नावे. विम्यातील फसवणुकीचा तपास करणारी, विमा कंपन्यांच्याच पैशावर चालणारी नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरो नावाची संस्था आहे. तिच्या छत्राखालीही कंपन्यांसाठी असा फोटोसंग्रह उभा राहिला आहे. फोटो मिळाला की तो संगणकाकडे जातो. लाखो छपरांचे फोटो दाखवून शिकवलेला संगणक प्रत्येक छपराला गुण देतो. तो पट्ट्या उखडल्या आहेत का, डाग आहेत का, झाडाची फांदी छपरावर आली आहे का, अंगणात अडगळ आहे का, हे पाहतो. केप अॅनालिटिक्स ही असे गुण देणारी एक कंपनी. २०२५ साली मूडीजने ती विकत घेण्याचा करार केला. मूडीज म्हणजे सरकारांची आणि बड्या उद्योगांची कर्ज फेडण्याची पत ठरविणारी जगप्रसिद्ध कंपनी. म्हणजे देशांची पत मोजणाऱ्यांकडेच आता घरांच्या छपरांची पत मोजण्याचे कामही आले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाने या प्रकारावर मोठा वृत्तांत छापला. तोवर सामान्य घरमालकाला आपल्या डोक्यावर असे काही चालले आहे याची फारशी कल्पनाच नव्हती.

फोटो कुठे चुकतो?

फोटो खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. पण फोटो अर्धे बोलतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

दमट हवेच्या भागात छपरांवर काळे ओघळ उमटतात. ते एका सूक्ष्म शेवाळाचे असतात. दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा छप्पर त्याखाली धड असते. वरून पाहणाऱ्याला मात्र तो काळा पट्टा झीज वाटू शकतो. झाडाची सावली भोकासारखी दिसू शकते. डागडुजी चालू असताना टाकलेली ताडपत्री गळक्या छपराची खूण ठरते. मालकाने गेल्या महिन्यात नवे छप्पर घातले असेल आणि कंपनीच्या हाती दोन वर्षांपूर्वीचा फोटो असेल, तर निकाल जुन्या छपराचा लागतो. शेजारी शेजारी चिकटून असलेल्या घरांत एकाचे छप्पर दुसऱ्याच्या नावावर जाण्याचाही संभव असतो.

अंगणातील वस्तूंचेही तसेच. मुलांना उड्या मारण्यासाठी आणलेली ट्रॅम्पोलीन किंवा कुंपण नसलेला तलाव दिसला की कंपनी बिथरते. शेजारचे मूल त्यावर पडून जखमी झाले तर नुकसानभरपाई विम्यातून जाते, हे खरे. पण ट्रॅम्पोलीन चार दिवसांसाठी पाहुण्यांच्या मुलांकरिता आणली होती की कायमची आहे, हे फोटोत येत नाही.

शिडी घेऊन येणारा माणूसही चुकत असे. फरक एवढाच की त्याची चूक त्याच्या तोंडावर दाखवता येई. येथे पत्र हाती पडते तेव्हा निर्णय झालेला असतो. फोटो कोणता, कोणत्या तारखेचा, त्याला किती गुण दिले आणि का, हे पत्रात असेलच असे नाही. ज्याच्या घराचा निकाल लागला, त्यालाच पुरावा पाहायला मिळत नाही.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. त्या म्हणतात, वादळे, गारपीट आणि वणवे यांमुळे आमचे दावे वाढत चालले आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव वणव्यात जवळजवळ संपूर्ण जळाले. त्या आगीत ८५ माणसे गेली आणि १८ हजारांवर इमारती भस्मसात झाल्या. अशा नुकसानीचा बोजा सगळ्या ग्राहकांच्या हप्त्यांवर पडतो. जो आपले छप्पर नीट राखतो त्याने निष्काळजी शेजाऱ्याचा भार का उचलावा? प्रत्येक घरी माणूस पाठविणे परवडत नाही, फोटो स्वस्त पडतो आणि हप्ते त्यामुळे आटोक्यात राहतात.

यात तथ्य आहे. विमा बंद होण्याची सगळीच प्रकरणे फोटोमुळे घडलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी देणे थांबविले आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार पॉलिसी पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. त्यामागे वणव्यांचा धोका आणि कंपनीची आर्थिक स्थिती ही कारणे होती. पण अशा काळात, कंपन्यांना ग्राहक कमी करायचेच असताना, आकाशातला फोटो हे नकाराचे सोपे निमित्त होऊ शकते. भीती आहे ती याची.

आकाश कोणाचे?

माझ्या घराचा फोटो मला न विचारता कोणी कसा काढू शकतो? हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. याचे उत्तर शोधायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालांकडे जावे लागते.

नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोजवळ एक कोंबडीपालक राहत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमाने त्याच्या जागेवरून अगदी खालून, ८३ फुटांवरून जात. कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटत आणि मरत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या मेल्या, धंदा बसला. त्याने सरकारवर दावा लावला. १९४६ साली न्यायालयाने म्हटले की जमिनीची मालकी थेट आकाशापर्यंत जाते हे जुने तत्त्व आता विमानांच्या युगात चालणार नाही. पण जमिनीलगतच्या हवेवर मालकाचा हक्क आहेच, आणि तेथून वारंवार विमाने नेऊन त्याचे जगणे अशक्य केले तर भरपाई द्यावी लागेल.

पुढे १९८६ साली पोलिसांनी हजार फुटांवरून, विमानातून, एका उंच कुंपणाआडचे परस पाहिले. १९८९ च्या दुसऱ्या खटल्यात ४०० फुटांवरून, हेलिकॉप्टरमधून पाहिले. दोन्ही वेळा न्यायालयाने सांगितले की जे सार्वजनिक आकाशातून कोणालाही दिसू शकते ते पाहायला वॉरंट लागत नाही. आणि मुळात बेकायदा झडतीविरुद्धची अमेरिकेच्या राज्यघटनेची हमी सरकारविरुद्ध आहे. खासगी कंपनीला ती लागू होत नाही. म्हणजे पोलिसांना वरून पाहायला मोकळीक, आणि विमा कंपनीला त्याहून अधिक.

तेव्हा घरमालकाचे संरक्षण आकाशाच्या कायद्यात फारसे नाही. ते विम्याच्या कायद्यात शोधावे लागते. अमेरिकेत विम्याचे नियमन प्रत्येक राज्य करते. पॉलिसी बंद करायची तर आगाऊ नोटीस द्यावी लागते. कॅलिफोर्नियात ही मुदत ७५ दिवसांची आहे. फ्लोरिडाने २०२२ साली कायदा केला की छप्पर पंधरा वर्षांच्या आतले असेल तर केवळ वयाचे कारण देऊन विमा नाकारता येणार नाही. त्याहून जुने असेल तर मालकाला अधिकृत तपासनिसाकडून पाहणी करून घेण्याची संधी द्यावी लागेल, आणि छपराचे आणखी पाच वर्षे आयुष्य उरले आहे असे त्याने लिहून दिले तर केवळ वयावरून नकार चालणार नाही. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये संगणकी बुद्धीच्या वापराबद्दल नमुना परिपत्रक काढले. निर्णय यंत्राने घेतला तरी जबाबदारी कंपनीचीच, आणि तो अन्यायकारक भेदभाव करणारा असता कामा नये, असा त्याचा रोख आहे.

लाल रेघेचा इतिहास

भेदभावाचा उल्लेख उगाच आलेला नाही. घरे दुरून पाहून रंग देण्याचा अमेरिकेचा इतिहास जुना आणि कडवट आहे.

१९३३ साली तिथल्या सरकारने घरकर्जांसाठी एक महामंडळ स्थापन केले. त्या महामंडळाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोनशेवर शहरांचे नकाशे तयार केले. उत्तम वस्ती हिरवी, बरी ती निळी, उतरती ती पिवळी आणि "धोक्याची" ती लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुधा लाल रंगात जाई, मग तिथले एखादे घर कितीही नीटनेटके असो. अशा वस्त्यांना कर्ज नाकारण्याच्या या रीतीला पुढे "रेडलायनिंग", म्हणजे लाल रेघ ओढणे, असे नावच पडले. विमा कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. एका माणसाचे घर न पाहता त्याच्या मोहल्ल्यावरून त्याला नकार मिळे. वस्तीवरून माणसाची किंमत ठरविण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकन शहरांत दंगली उसळल्या आणि विमा कंपन्यांनी त्या भागांतून आणखी अंग काढून घेतले. तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यू जर्सीचे गव्हर्नर रिचर्ड ह्यूज यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९६८ साली कायदा झाला आणि राज्याराज्यांत "फेअर प्लॅन" नावाच्या योजना निघाल्या. ज्याला कोणी विमा देत नाही त्याला तो मिळावा यासाठी या योजना. त्यातले एक तत्त्व आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. घराची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय नकार द्यायचा नाही, पाहणीचा खर्च मालकावर टाकायचा नाही, आणि आजूबाजूच्या वस्तीचा दोष त्याच्या घराला चिकटवायचा नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांच्या व्यवहारात वंशभेदास बंदी करणारा कायदाही झाला.

आजच्या संगणकाला कोणाचा वर्ण सांगितलेला नसतो, हे खरे. पण जुने छप्पर कोणाचे असते? ज्याच्या हाती नवे छप्पर घालायला पैसे नाहीत त्याचे. आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांना कर्ज नाकारले गेले, त्यांच्या हाती पैसे कमी असणार हे उघड आहे. म्हणून गुणांचा परिणाम कोणावर होतो हे तपासत राहावे लागते. २०२२ च्या डिसेंबरात शिकागोच्या संघीय न्यायालयात स्टेट फार्मविरुद्ध एक दावा दाखल झाला. दावे तपासणाऱ्या संगणकी पद्धतीमुळे कृष्णवर्णीय घरमालकांना अधिक कागदपत्रे आणि अधिक विलंब सोसावा लागतो, असा त्यात आरोप आहे. कंपनीने आरोप नाकारला. न्यायालयाने २०२३ मध्ये दाव्याचा काही भाग पुढे चालू ठेवण्यास परवानगी दिली. हा दावा आकाशातील फोटोंबाबतचा नव्हे. पण यंत्राचा निकाल आपोआप निष्पक्ष ठरत नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनात वणवा शिरला आणि ९ हजारांवर इमारती गेल्या. इतरत्र लाल रेघेमुळे अडवलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी काही पिढ्यांपूर्वी याच गावात घरे घेतली होती. अशा घराचा विमा वेळेवर असणे किंवा नसणे म्हणजे तीन पिढ्यांची कमाई राहणे किंवा जाणे होय.

गावठाणातला चुना

या संदर्भात आपल्या गावांतील एक उदाहरण आठवते. गावठाणातील घरांना पूर्वी सातबारासारखा पक्का कागद नव्हता. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेच्या नावाने हे काम इतर राज्यांतही सुरू झाले. येथेही ड्रोन घराच्या डोक्यावरून जाते. पण पद्धत पाहा. आधी ग्रामसभेत माहिती द्यायची. मग आपल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ ओढायची, म्हणजे ती वरून दिसावी. त्यानंतर ड्रोन उडते. नकाशा तयार झाल्यावर हरकती ऐकायच्या, आणि मगच मिळकत पत्रिका द्यायची.

प्रत्येक गावी हे सारे चोख पार पडते असा दावा नाही. चुन्याची रेघ कोणी पुढे सरकवली, हरकतीची नोटीस कोणाला मिळाली नाही, अशी भांडणे होऊ शकतात, आणि दुबळ्या कुटुंबाने त्या दिवशी हजर राहणे अगत्याचे असते. पण तत्त्व योग्य आहे. यंत्र उडण्याआधी घरमालकाला कळते आणि कागद पक्का होण्याआधी त्याचे म्हणणे घेतले जाते. श्रीमंत अमेरिकेतील विमा व्यवहारात पुष्कळदा या दोन्ही गोष्टी नसतात.

मुलाबाळांना हे सांगा

ज्यांची मुले अमेरिकेत घर घेऊन आहेत त्यांनी पुढील गोष्टी त्यांच्या कानावर घालाव्यात.

१) विमा कंपनीचे पत्र जाहिरात समजून बाजूला टाकू नये. नोटिशीची मुदत पत्राच्या तारखेपासून धावू लागते.

२) नकाराचे कारण आणि ज्या फोटोवरून निर्णय घेतला तो फोटो, त्याच्या तारखेसह, लेखी मागावा. फोनवर बोलणे झाले तरी मागून पत्र पाठवावे.

३) छपराचे आणि अंगणाचे स्वतःचे फोटो दर वर्षी तारखेसह काढून ठेवावेत. नवे छप्पर घातले असेल तर पावती, परवाना आणि हमीपत्र जपावे. त्यासाठी स्वतः छपरावर चढण्याचे साहस करू नये.

४) परवानाधारक कारागिराकडून छपराची पाहणी करून त्याचा लेखी अहवाल कंपनीला द्यावा आणि फेरविचार मागावा. फांदी तोडली, पन्हळ साफ केली, अडगळ हलवली, तर तेही फोटोसह कळवावे.

५) कंपनी दाद देत नसेल तर राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करावी. तक्रार करायला वकील लागत नाही.

६) त्याच वेळी दुसऱ्या कंपन्यांकडे चौकशी सुरू ठेवावी. जुना विमा संपण्याआधी नवा हाती असला पाहिजे. कोठेच मिळाला नाही तर शेवटचा आधार म्हणून आपल्या राज्यात फेअर प्लॅन आहे का ते पाहावे. त्यात संरक्षण मर्यादित असते, हे लक्षात ठेवावे.

७) आपल्या घरावरील जुन्या दाव्यांची नोंद "क्लू" नावाच्या अहवालात असते. वर्षातून एकदा तो विनामूल्य मागविता येतो. त्यात चूक असेल तर दुरुस्तीचा हक्क १९७० च्या कायद्याने दिलेला आहे.

या शेवटच्या मुद्द्यातच पुढची दिशा दिसते. अमेरिकेने १९७० साली मान्य केले की माणसाबद्दल कागदावर काही लिहून ठेवले असेल तर ते पाहण्याचा आणि चूक दाखविण्याचा त्याला अधिकार आहे. त्याच्या छपराच्या फोटोला आणि त्या फोटोच्या गुणांनाही हाच न्याय स्पष्टपणे लावला पाहिजे. फोटो काढा, पण तो दाखवा, तारीख सांगा, दुरुस्तीला अवधी द्या, आणि नकार देण्याआधी एका माणसाला त्या घरी पाठवा. १९६८ सालच्या कायद्याने गरीब वस्त्यांतील घरमालकांसाठी हेच मागितले होते. त्यानंतर यंत्रे कितीतरी पुढे गेली आहेत. माणसाचे म्हणणे ऐकून मगच निकाल द्यावा, हा नियम मात्र जुना झालेला नाही.